दाखल्याशिवाय दावा नाही

१८७९ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत सोलापूर जिल्ह्यातल्या सावकाराला कर्जदार शेतकऱ्यावर दावा लावायला फारसे काही लागत नसे. हातात खत, त्यावर लागेल तेवढा स्टँप आणि कोर्टाच्या आवारात एखादा वकील, एवढ्यावर काम भागे. १ नोव्हेंबर १८७९ ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट अमलात आला आणि या सगळ्याच्या आधी आणखी एक कागद लागू लागला. सरकारने नेमलेल्या कन्सिलिएटरपुढे आधी अर्ज करायचा, त्याने समोरच्याला बोलावून समेट होतो का ते पाहायचे, आणि नाहीच झाला तर तसा दाखला लिहून द्यायचा. तो दाखला जोडल्याशिवाय शेतकरी पक्षकार असलेला दावा दिवाणी कोर्टाने दाखल करूनच घ्यायचा नाही. सोलापूर, पुणे, सातारा आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी हा कायदा होता. ज्या ज्या भागाला कन्सिलिएटर नेमला गेला तिथे ही अट तीस वर्षांहून जास्त काळ चालली.

उठसूट दावे लावणाऱ्याला परवानगीशिवाय कोर्टाचे दार उघडायचे नाही, ही गोष्ट आपल्याकडे विसाव्या शतकात विलायतेच्या पावलावर पाऊल टाकून आली, असे कायद्याची पुस्तके वाचताना वाटते. दारावर पहारा बसवला की काय होते, याचा अनुभव मात्र माढा-करमाळ्याच्या, सांगोला-माळशिरसच्या शेतकऱ्याने त्याआधीच घेतला होता. तो अनुभव विसरला गेला याचे मला वाईट वाटते. पहाऱ्यामागचा हेतू चोख असूनही तो पहारा ज्याच्यासाठी बसवला त्याच्याच अंगावर कसा येतो, हे त्यात स्पष्ट दिसते.

मुळात पहारा बसवायची वेळ का आली, ते आधी पाहू. १८५९ साली दोन कायदे झाले. दिवाणी कामकाजाचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी मुदतीचाही कायदा आला. साध्या खतावरच्या कर्जाला तीन वर्षांची मुदत ठरली. जुने कर्ज पिढ्यान्‌पिढ्या उकरून काढले जाऊ नये, शेतकरी सुटावा, असा त्यामागचा विचार. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार दारात उभा राही. एक तर नवे खत लिहून दे, नाहीतर दावा लावतो. नव्या खतात जुनी मुद्दल आणि त्यावरचे थकलेले व्याज मिळून नवी मुद्दल होई. आणखी तीन वर्षांनी पुन्हा तेच. मूळ घेतलेले पन्नास रुपये कुठल्या कुठे गेलेले असत आणि खतावर शेकड्यांचा आकडा बोलत असे.

दावा लागलाच तर पुढचा रस्ता ठरलेला. समन्स निघे. ते बजावायला बेलिफ गावात जाई किंवा गेल्याचे लिहून टाकी. समन्स मिळालेच नाही ही तक्रार दख्खनभर होती. मिळाले तरी पेरणीच्या दिवसांत तालुक्याला हेलपाटा घालून, वकिलाचे पैसे मोजून, अंगठा आपणच उठवलेल्या खताबद्दल काय सांगायचे? शेतकरी जातच नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. मग दरखास्त, मग जप्ती, बैलजोडीचा लिलाव, जमिनीचा लिलाव, नाहीतर कर्जदाराला दिवाणी तुरुंग. बहुतेक सावकारांना तुरुंग प्रत्यक्ष दाखवावाही लागत नसे. धाकच पुरे. हुकूमनामा खिशात ठेवून त्याच्या जोरावर आणखी एक खत लिहून घेता येई. ज्याला आज आपण कोर्टाचा दुरुपयोग म्हणतो तो इथे रोजच्या धंद्याचा भाग झाला होता, आणि सगळे कायद्याच्या चौकटीत बसून.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ ला संपले आणि कापसाचा भाव कोसळला. तेजीत काढलेली कर्जे मंदीत फेडायची पाळी आली, त्यातच जमिनीच्या फेरआकारणीने सारा वाढला. १८७४ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, कर्डे गावी काळूराम या मारवाडी सावकाराने एका प्रतिष्ठित देशमुखावर हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि तिथून पुणे-नगरच्या गावागावांत आग पसरली. माणसे मारण्याकडे जमावाचा रोख नव्हता. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढा म्हणत आणि चौकात जाळत. आपला शत्रू कागद आहे हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी बरोबर ओळखले होते.

सोलापूर जिल्हा त्या उन्हाळ्यात बऱ्याच अंशी शांत राहिला. पण कर्ज इथेही तेच, सावकारी तीच. सरकारने नेमलेल्या दंगल आयोगाने नगर जिल्ह्यातल्या निवडक गावांची पाहणी केली, तेव्हा सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश कर्जात बुडालेले निघाले. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होते आणि त्यातले दोन तृतीयांश जमीन गहाण टाकून घेतलेले. आयोगाचा अहवाल येतो न येतो तोच १८७६ चा पाऊस गेला. त्या दुष्काळात सोलापूर होरपळून निघाले. एकरुखचा तलाव नुकताच, १८७१ मध्ये पुरा झाला होता, पण त्याचे पाणी शहराजवळच्या शेतांपुरते. उरलेल्या जिल्ह्याने गुरे विकली, भांडी विकली, खडी फोडायला माणसे कामांवर गेली. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे-सातारा भागात सावकारांच्या वाड्यांवर दरोडे घातले. जुलैमध्ये ते पकडले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस व्हाइसरॉयच्या कौन्सिलात थिओडोर होप यांनी मांडलेले विधेयक कायदा झाले. सरकारला शेतकऱ्याची दया आली असेल, भीतीही वाटली असेल. मला यात भीतीचा वाटा मोठा दिसतो.

त्या कायद्याच्या आतला भाग खरोखर धाडसी होता. खत दाखवले, अंगठा कबूल झाला, आता हुकूमनामा घे, ही सोय त्याने बंद केली. न्यायाधीशाने खताच्या मागे जायचे. पहिला व्यवहार कधी झाला, त्या दिवशी हातावर खरोखर किती रुपये पडले, कोणत्या साली किती धान्य सावकाराच्या घरी गेले आणि ते कोणत्या भावाने जमा धरले, हे शेतकऱ्याने मागितले नाही तरी कोर्टाने स्वतःहून तपासायचे. मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे. व्याजावर व्याज नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही, म्हणजे आपला जुना दामदुप्पटीचा नियम. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक नाही. जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नसेल तर तिच्यावर जप्ती नाही. हप्ते बांधून देता येत. गहाण सोडवून घेण्याचा दावा शेतकऱ्यालाही लावता येई, तो आधीपेक्षा सोपा झाला. शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत वकील मनाई. या सगळ्यावर देखरेखीसाठी एक स्पेशल जज्ज.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव या कायद्याशी कायमचे जोडले गेले ते इथे. १८८१ पासून ते या कायद्याखाली कोर्टांची तपासणी करत फिरले, आणि १८८७ मध्ये डॉ. पोलन यांच्या जागी स्पेशल जज्ज झाले. नोव्हेंबर १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टात जाईपर्यंत चार जिल्ह्यांतल्या दुय्यम कोर्टांची दप्तरे तपासणे हेच त्यांचे मुख्य काम होते. अर्थशास्त्राचा एवढा व्यासंगी माणूस वर्षानुवर्षे वीस-तीस रुपयांच्या कज्ज्यांची कागदपत्रे चाळत होता. त्यांच्या आर्थिक लेखनातला शेतकरी इतका हाडामांसाचा का आहे, याचे उत्तर मला या फिरतीत सापडते.

आता पुन्हा दारावर येऊ. कन्सिलिएटर हा पगारी माणूस नव्हता. सरकार त्या भागातला एखादा वजनदार, लिहिता-वाचता गृहस्थ ठराविक मुदतीसाठी नेमी. कुणी इनामदार, कुणी पेन्शनर, कुणी व्यापारी. कल्पना आपल्याकडच्या पंचायतीच्या आठवणीवर उभी होती. पुण्यात सार्वजनिक काकांनी १८७० च्या दशकात लवाद कोर्ट चालवून दाखवले होते, विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे न्यायाधीश त्या बाजूने लिहीत होते. गावातली भांडणे गावातल्या शहाण्यांनी मिटवावीत, हे ऐकायला कोणाला नको होते?

कामाची रीत अशी. सावकार अर्ज देई. कन्सिलिएटर दिवस नेमून कर्जदाराला निरोप धाडी. वकिलाला इथेही मज्जाव. माणूस आला नाही तर तारीख पुढे. त्याला खेचून आणण्याचे बळ कन्सिलिएटरकडे नव्हते, म्हणून शेवटी दाखला देणे भाग. माणूस आला आणि दोघांचे जुळले तर कबुलायत लिहायची, वाचून दाखवायची, सह्या-अंगठे घ्यायचे आणि कागद कोर्टाकडे पाठवायचा. महिनाभरात कोणी हरकत घेतली नाही की त्या कबुलायतीला हुकूमनाम्याची ताकद मिळे.

दुखणे नेमके याच जागी होते. कोर्टात गेले असते तर न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन वीस वर्षांचा हिशोब उलगडला असता. ते संरक्षण दाराच्या आत होते. समेट दाराबाहेर होई. कन्सिलिएटरने हिशोब उपसून काढावा असे कायद्याने त्याच्यावर बंधन घातलेले नव्हते, आणि बिनपगारी गृहस्थाकडे तेवढा वेळ आणि कौशल्य तरी कुठून असणार? सावकाराने म्हणायचे, साडेतीनशे होतात, तू गरीब आहेस, अडीचशे देऊन टाक, हप्त्याने दे. शेजारी बसलेला प्रतिष्ठित गृहस्थ म्हणायचा, बरे म्हणतो आहे, कर सही. शंभर रुपये सुटले या समाधानात शेतकरी अंगठा देई. हिशोब झाला असता तर कदाचित एकशे वीसच निघाले असते. हे त्याला कधीच कळायचे नाही, कारण ते कळण्याची जागा भिंतीपलीकडे होती. कन्सिलिएटर सावकारांच्या मेळात बसणारे असतात, गाफील कुणब्याकडून कबुलायती करून घेतल्या जातात, हे आक्षेप लवकरच सुरू झाले आणि शेवटपर्यंत थांबले नाहीत. सगळेच तसे नव्हते. मनापासून भांडणे मिटवणारेही होते. पण ज्या व्यवस्थेचा भरवसा एकट्या माणसाच्या चांगुलपणावर असतो, तिच्यात गरिबाने काय करायचे?

दुसरी गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. दाखल्याची अट एकट्या सावकाराला नव्हती. शेतकरी पक्षकार असला की झाले, मग तो वादी असो वा प्रतिवादी. बापाने गहाण टाकलेले रान सोडवायला मुलगा निघाला तर त्यालाही आधी कन्सिलिएटरचेच घर गाठावे लागे. सावकारासाठी दोन खेपा हा धंद्यातला खर्च, तो व्याजात धरून वसूल करता येतो. शेतमजुरी बुडवून जाणाऱ्याला प्रत्येक खेप म्हणजे एक उपास. दोघांना एकच अट लावली म्हणून ती समान झाली असे मला मुळीच वाटत नाही.

सावकारांनीही नव्या वाटा काढल्या. कर्ज द्यायचे ते गहाणखतावर न देता सरळ खरेदीखत लिहून घेऊन, परत देण्याची बोली मात्र तोंडी. कागदावर विक्री दिसली की हिशोब तपासण्याचा प्रश्नच येत नाही. १९०७ मध्ये कायद्यात नवे कलम घालून, विक्री दिसणारा व्यवहार मुळात गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने सिद्ध करायची मुभा शेतकऱ्याला द्यावी लागली. कायद्याने शेतकरी कोण, यावरच कोर्टात रणे माजली. सवलत मिळते म्हटल्यावर शेताच्या बांधावरही न गेलेली माणसे स्वतःला शेतकरी म्हणवू लागली. आणखी एक अडचण सोलापूरची खास. जिल्ह्याला लागून अक्कलकोट संस्थान, पलीकडे तुळजापूर निजामाच्या मुलखात. इंग्रजी हद्दीतला कायदा हद्दीच्या दगडापाशी थांबे, आणि देणेघेणे, सोयरीक, बाजारहाट दगड ओलांडून चाले.

१९१२ मध्ये मुंबई सरकारने कन्सिलिएशनचे संपूर्ण प्रकरण रद्द केले. दाखल्याची अट गेली. खताच्या मागे जाण्याची तरतूद मात्र राहिली आणि पुढची अनेक वर्षे उपयोगी पडली. १९३९ आणि १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनी तिची जागा घेतली. वाईट भाग टाकला आणि चांगला ठेवला, असे कायद्यांच्या बाबतीत फार वेळा होत नाही, म्हणून याची नोंद घ्यावीशी वाटते.

दाखल्याची अट इथे चालू असतानाच विलायतेत दुसरा रस्ता निघाला होता. अलेक्झांडर चॅफर्स नावाच्या सॉलिसिटरने प्रिन्स ऑफ वेल्सपासून धर्मगुरूंपर्यंत बड्या बड्या लोकांवर अठ्ठेचाळीस दावे लावले. हरल्यावर खर्च भरायचे नाव नाही. १८९६ मध्ये पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला. सवयीने आणि सबळ कारणाशिवाय छळवादी दावे करणाऱ्या माणसाला, ॲटर्नी जनरलच्या अर्जावरून, हायकोर्टाने बंदी घालायची. पुढे दावा करायचा तर आधी परवानगी. चॅफर्स हाच पहिला मानकरी.

मद्रासने १९४९ मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला. ॲडव्होकेट जनरलने अर्ज करायचा, त्या माणसाचे म्हणणे ऐकायचे, हायकोर्टाची खात्री पटली तर आदेश. मग मद्रास शहरात हायकोर्टाच्या आणि बाहेर जिल्हा न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय त्याला दिवाणी वा फौजदारी प्रकरण दाखल करता येणार नाही. आदेश गॅझेटात छापायचा. माणूस गरिबीमुळे वकील देऊ शकत नसेल तर त्याची सोय हायकोर्टाने करायची, हेही त्यात आहे, आणि मला ते सगळ्यात मोलाचे वाटते. आंध्रात हा कायदा वारशाने गेला. तिथल्या हायकोर्टाने हैदराबादच्या मावळे नावाच्या पक्षकारावर बंदी घातली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात आले. १९६५ च्या निकालाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, असा कायदा घटनेत बसतो. खोडसाळ दावे मनाला येईल तसे लावत राहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि खरा दावा असेल तर परवानगीची वाट मोकळी आहे. दुसरी, मद्रासचा हा कायदा तेलंगणाच्या भागाला कधी लागूच केलेला नव्हता, त्यामुळे तिथल्या माणसावरचा आदेश टिकणार नाही. जुन्या निजामी मुलखाच्या सीमेने पुन्हा एकदा कायद्याला अडवले.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये आपला व्हेक्सेशस लिटिगेशन प्रतिबंधक कायदा केला. तोही याच वळणाचा. शेजाऱ्याच्या बांधासाठी, भाऊबंदकीच्या वाटणीसाठी, हरलेलाच मुद्दा नाव बदलून पुन्हा पुन्हा कोर्टात नेणाऱ्याला तो लागू पडतो. त्याखाली आदेश मिळवणे सोपे नाही, आणि ते तसेच असावे. तक्रारदार स्वतः अर्ज करू शकत नाही, ॲडव्होकेट जनरलला पटावे लागते. एक-दोन दावे हरले म्हणून कोणी सवयीचा ठरत नाही. दरवेळी हरणारा प्रत्येक माणूस खोडसाळ नसतो. कधी कधी तो फक्त एकटा असतो आणि त्याचे म्हणणे मांडायला चांगला वकील मिळालेला नसतो. २००५ मध्ये न्या. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या १९२ व्या अहवालात अशा दाव्यांविरुद्ध कायदा करण्याची शिफारस केली.

१८७९ चा दाखला आणि १९७१ चा आदेश यांत जो फरक आहे तो नेमका सोलापूरच्या अनुभवाचा आहे. दाखला सगळ्यांना सरसकट लागे, आधी काही न तपासता. आदेश एकाच माणसावर, त्याचे वागणे पाहून, त्याला ऐकून. दाखला देणारा बिनपगारी गृहस्थ होता. आदेश देणारे हायकोर्ट आहे, त्याला कारणे लिहावी लागतात आणि त्याच्यावर दाद मागता येते.

पण सरसकट अडवण्याची कल्पनाही मेलेली नाही. २०१८ मध्ये व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात कलम १२-अ आले. तीन लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात, तातडीची अंतरिम दाद मागायची नसेल, तर आधी मध्यस्थी करून पाहिल्याशिवाय दावा लावता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितले की ही अट सक्तीची आहे, ती न पाळता आलेला दावा फेटाळला जाईल. म्हणजे टॉवेल-चादरीचे पैसे थकले म्हणून सोलापूरचा कारखानदार परगावच्या व्यापाऱ्यावर दावा लावू पाहतो, तेव्हा त्यालाही आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तीन महिन्यांची मुदत, दोघांच्या संमतीने आणखी दोन. समेट झाला तर त्याला लवादाच्या निवाड्याचे बळ, समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल, आणि तो घेऊन कोर्ट.

या वेळी दोन्ही बाजूंना हिशोब कळतो, मध्यस्थाला प्रशिक्षण असते, वकील बरोबर नेता येतो. मोठा व्यापारी आणि मोठा व्यापारी यांच्यात हे चालेल. पण त्याच कलमाखाली चार माग चालवणारा विणकर मोठ्या पेढीसमोर बसतो तेव्हा, टेबलावर वह्या कोणाच्या आहेत आणि त्या कोणी तपासल्या, हे मध्यस्थाने पहिल्याच बैठकीत विचारले पाहिजे. १८७९ च्या कन्सिलिएटरला ते विचारण्याची सक्ती नव्हती. आजच्या मध्यस्थी नियमांतही ती स्पष्ट शब्दांत लिहावी, अशी माझी मागणी आहे.